डोकेदुखीने शाळा बुडवणारा पक्षितज्ज्ञ

तेराव्या वर्षाच्या सुमारास त्या मुलाचे डोके दुखू लागले आणि दुखतच राहिले. शाळा आठवडेच्या आठवडे बुडू लागली. घरच्यांनी हवापालट म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले, कारण तिथली कोरडी हवा मानवेल असे कोणीतरी सुचवले होते. परत येऊन १९१३ मध्ये तो मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाला. असा मुलगा आज लातुरात किंवा नांदेडात असता तर आई-वडील त्याला आमच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन आले असते. चष्म्याचा नंबर, सायनस, स्कॅन अशी चौकशी झाली असती आणि जाता जाता दारात हळूच एक प्रश्न आला असता: डॉक्टर, क्लास बुडतोय, काय करायचं?

तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. नावामागचे ‘डॉक्टर’ विद्यापीठांनी नंतर सन्मानाने दिलेले. पदवीचा अभ्यास त्यांच्याकडून कधी पुरा झालाच नाही.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. गिरगावातल्या खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. घरात बंदुका होत्या, आणि भाच्याला खेळायला छर्‍याची एअरगन मिळाली होती. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. उचलून पाहिली तर ती नेहमीच्या चिमणीसारखी नव्हती, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असे त्याने मामांना विचारले.

मामांना ते सांगता येईना. पण त्यांनी प्रश्न झटकला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि मुलाला पाठवून दिले. हे साल १९०८. एवढ्या लहान मुलाने साहेबाच्या कचेरीत शिरायचे, हातात मेलेली चिमणी घेऊन! त्याचे पाय दारात अडखळलेच.

या सोसायटीबद्दल एक गोष्ट आमच्या व्यवसायाच्या अभिमानाची आहे. १८८३ मध्ये ज्या आठ जणांनी ती स्थापन केली, त्यांत दोनच भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. त्या काळी औषधे झाडापाल्यातून येत, त्यामुळे वनस्पती ओळखणे हा डॉक्टरी अभ्यासाचाच भाग होता.

मिलार्ड एका मद्यविक्रेत्या कंपनीत काम करत आणि सोसायटीचा कारभार हौसेने सांभाळत. त्यांनी मुलाला बसवून घेतले आणि ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. एवढ्यावर ते थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ते उठले, कपाटांचे खण एकामागून एक उघडले आणि पेंढा भरून जपलेले शेकडो पक्षी मुलासमोर ठेवले. एकाच जातीचे नर, मादी आणि पिल्लू शेजारी शेजारी ठेवून त्यांतला फरक दाखवला. नंतर वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी कशी सोडवायची, ती कशी टिकवायची आणि नोंद कशी लिहायची हे शिकवले. जागा, तारीख, वेळ, पक्षी काय करत होता, हे सगळे त्याच दिवशी, आठवण शिळी व्हायच्या आत लिहायचे. सलीम अलींनी ही शिस्त आयुष्यभर पाळली आणि पुढे हाताखालच्या तरुणांकडून ती सक्तीने पाळून घेतली.

मुलांना निसर्ग शिकवणे म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. यात चार गोष्टी आल्या: हातात एक खरी वस्तू, मुलाच्या मनातला एक खरा प्रश्न, उत्तर येत नसताना जाणकाराकडे पाठवणारा घरचा माणूस आणि मुलासाठी वेळ काढणारा एक जाणकार. आपल्याकडे शाळांत हरित सेना आहे, पर्यावरण हा विषय आहे, त्याचे प्रकल्पही आहेत. पण बहुतेक प्रकल्प थर्माकोलवर चिकटवून संपतात आणि वृक्षारोपण फोटोपुरते उरते. पावसाळ्यात लावलेले रोप उन्हाळ्यात जगले की नाही, हे पाहायला त्या मुलांना पुन्हा कोणी नेत नाही.

मॅट्रिकनंतर सलीम अली ब्रह्मदेशात तवॉयला गेले. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात मन रमले नाही, भोवतालच्या जंगलात मात्र रमले. परत आल्यावर वाणिज्याचा अभ्यास धरला, त्याच सुमारास सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा पदवी नसल्यामुळे हुकली. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागात, गाइड-लेक्चरर म्हणून नोकरी लागली. पगार महिना साडेतीनशे रुपये. काम काय, तर येणाऱ्या लोकांना आणि शाळांतल्या मुलांना काचेपलीकडचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. म्हणजे त्यांची पहिली खरी नोकरी शिक्षकाचीच होती.

काचेमागच्या पक्ष्यावर ते समाधानी राहणार नव्हते. १९२८ मध्ये ते बर्लिनला गेले आणि तिथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे आधुनिक पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. बेकारीत ते अलिबागजवळच्या किहीमला, सासरच्या घरी जाऊन राहिले. समोरच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर शिडी लावून, आडोशाला बसून त्यांनी ती न्याहाळली. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या मनात सुगरण म्हणजे घरटे विणणारी आई. प्रत्यक्षात विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते, नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! हा सगळा क्रम सलीम अलींनी नुसत्या नजरेने आणि वहीने उलगडला. त्याला प्रयोगशाळा लागली नव्हती.

त्यानंतरचा टप्पा आपल्या घरचा. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. नांदेड तेव्हा निजामाच्या त्याच संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. पगार नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या, अशी त्यांची अट होती. तेहमिना बरोबर असत. तंबू, शिधा, नोकरचाकर, सगळा तळ त्या सांभाळत. आजच्या निसर्गशिबिराच्या डोक्यात जे चित्र असते, पहाटे उठणे, पायी फिरणे, संध्याकाळी कंदिलापाशी नोंदी लिहिणे, ते या जोडप्याचे रोजचे जगणे होते. एक फरक मात्र सांगायला हवा. तेव्हा पाहणी म्हणजे पक्षी बंदुकीने मारून गोळा करणे. सलीम अलींनी हे कधी लपवले नाही आणि त्याबद्दल माफीही मागितली नाही. नमुन्यांशिवाय शास्त्र उभे राहत नाही, अशी त्यांची धारणा होती. आज शिबिरात ते काम दुर्बीण आणि कॅमेरा करतात.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. पेनिसिलिन आपल्याकडच्या रुग्णालयांत पोचायला तेव्हा काही वर्षे अवकाश होता. शस्त्रक्रियेच्या बाबतीत ‘किरकोळ’ या शब्दाला त्या काळी फारसा अर्थ नव्हता. सलीम अली बहिणीकडे वांद्र्याला राहायला गेले आणि उरलेले आयुष्य पक्ष्यांना दिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले. सामान्य माणसाला हातात धरून पक्षी ओळखता यावा, असे ते पुस्तक. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने किती जणांना पहिला पक्षी ओळखून दिला, याची मोजदाद करता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर सोसायटीने शाळकरी मुलांसाठी निसर्गशिक्षणाची योजना हाती घेतली, त्यामागेही त्यांचा आग्रह होता.

आता मुलांच्या तब्येतीचा मुद्दा. लातूर पॅटर्नने या भागाला नाव दिले, गरिबाघरची शेकडो मुले डॉक्टर केली, त्यातली काही माझ्याबरोबर कामही करतात. पण पहाटेचा क्लास, शाळा, पुन्हा क्लास, मग अभ्यासिका या दिनक्रमात उजेड कुठे आहे? चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर नेण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या सुमारे ४० टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले, उघड्यावर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के राहिले. हा गुण पक्ष्यांचा नाही, दिवसाच्या उजेडाचा आहे. पण मुलाला नुसते उन्हात उभे राहा म्हटले तर ते पाच मिनिटांत घरात पळेल. टिटवीची अंडी शोधायला सांगा, तास कसा गेला ते कळणार नाही.

पक्षी पाहणे आणि वैद्यक यांचा आणखी थेट संबंध सलीम अलींच्या आयुष्यात आला. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. हाच माकडताप. पुण्याच्या विषाणू संस्थेने शोधलेला विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला. मग शंका आली, सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तर हा आला नसेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी अडकवून सोडण्याचा मोठा कार्यक्रम सुरू केला. नेतृत्व सलीम अलींचे. माकडताप पक्ष्यांनी आणला, हे काही सिद्ध झाले नाही. तो जंगलातल्याच गोचिडांतून पसरतो आणि गेल्या दहा वर्षांत सिंधुदुर्गातही आला आहे. पण कोणता पक्षी कुठून कुठे जातो, याची भारतातली पक्की माहिती या कड्यांमुळे मिळू लागली. पक्षी ओळखणारी माणसे आधीपासून तयार होती, म्हणून साथीच्या वेळी ती कामाला आली.

डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेला पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पुरा झाला. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातली सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराची मोठी रक्कम हाती आली, ती त्यांनी सोसायटीच्या संवर्धन निधीला दिली. माणूस तसा शीघ्रकोपी. तळावर कोणी घोरले की त्यांचा पारा चढे. मोटारसायकलींचा षौक इतका की १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम युरोपात नेली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. १९८७ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. या दिवसांत विष्णुपुरी जलाशयावर, मांजरा धरणावर किंवा किनवटच्या जंगलात मुले नेणाऱ्या शिक्षकांना काही डॉक्टरी सूचना. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात बूट हवेत, जंगलातून आल्यावर कानामागे, काखेत, जांघेत गोचीड पाहावी. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली असावी. आग्यामोहोळ दिसले तर त्याच्या खाली थांबू नये आणि तिथे अत्तर, धूर, दगड नको. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्याच खिशात राहू द्या, शिक्षकांच्या बॅगेत नको. साप चावला तर करकचून बांधू नका, चिरू नका. मुलाला चालू न देता, चावलेला भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालयात आणा, प्रतिविष तिथे मिळते. दुर्बीण वर्गात एक असली तरी भागते. वही मात्र प्रत्येक मुलाची वेगळी असावी, आणि नोंद परतीच्या बसमध्ये बसण्याआधी लिहून व्हावी.