रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

नागपुरांत आज हायस्कुलांना तोटा नाहीं. परंतु मध्यप्रांताचें सरकारी शिक्षण खातें निघालें तें १८६२ सालीं. त्याच्या सोळा वर्षें आधीं, भोसल्यांचें राज्य चालू असतांना, १८४६ सालीं ज्या गृहस्थांनीं या शहरांत मिशनची शाळा घातली, त्यांचें नांव १८८३ त येथील महाविद्यालयाला मिळालें. तेव्हांपासून हिस्लॉप म्हटलें कीं लोकांस इमारत आठवते, माणूस आठवत नाहीं.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गांवीं झाला. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें. १८४३ त तेथील मंडळी दुभंगून फ्री चर्च निराळें झालें, तेव्हां ते नव्या मंडळीकडे गेले. १८४४ च्या अखेरीस ते पत्नीसह मुंबईस उतरले आणि पुढील वर्षाच्या आरंभीं नागपुरास आले.

शाळा चालविणें सोपें नव्हतें. आईबापांना इंग्रजी विद्या हवी होती, बायबल नको होतें. त्यांना त्याबद्दल दोष देणें मला तरी योग्य वाटत नाहीं; आपला मुलगा आपल्यापासून दुरावेल ही भीति कोणत्या आईबापांस नसते? हिस्लॉप यांनीं मात्र आपला हेतु कधीं झांकून ठेविला नाहीं. बाप्तिस्मा घेणारे थोडेच निघाले, तरी शाळा टिकली. १८४७ त रेव्हरंड रॉबर्ट हंटर मदतीस आले, पण १८५५ त प्रकृतीमुळें त्यांस स्वदेशीं परतावें लागलें.

या दोघां मित्रांना दगड पाहण्याचा मोठा नाद होता. सीताबर्डीची टेकडी आपण नित्य पाहतों. तिचा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला रस आहे. १८५१ च्या सुमारास नागपुराजवळच्या टाकळी येथें अशाच दगडाच्या दोन थरांमध्यें त्यांस शंख आढळले, आणि तेहि समुद्राचे नव्हत, तर गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे! यावरून उघड झालें कीं, एक रस थिजल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ लोटला होता. त्या अवधींत येथें तळीं सांचलीं, त्यांत जीव उपजले, आणि पुढील रसानें तीं सर्व बुजविलीं. दक्षिणेस मांगली येथें बेडकाच्या वर्गांतील एका अतिप्राचीन प्राण्याची कवटी मिळाली. तिचें वर्णन सुप्रसिद्ध विद्वान रिचर्ड ओवेन यांनीं १८५५ त प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं नागपूरच्या भूगर्भाविषयीं या दोघांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत आला. एका खनिजास हिस्लॉपाइट आणि गोड्या पाण्यांतील एका चिमुकल्या प्राण्यास हिस्लोपिया हें नांव पडलें. महाविद्यालयाच्या पाटीहून हीं दोन नांवें मला अधिक शोभतात असें वाटतें.

दौऱ्यावर असतां ते गोंडांच्या वस्तींत जात, त्यांचे शब्द टिपून घेत. त्यांचा आदिपुरुष लिंगो याची गाथा परधान लोक गात असत. ती त्यांनीं गोंडी भाषेंतच उतरवून घेतली. सुशिक्षित लोक ज्यांना रानटी म्हणून सोडून देत, त्यांच्या गाण्यांसाठीं एवढे श्रम करणारा मनुष्य त्या काळीं विरळाच.

१८६३ च्या सप्टेंबरांत मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासह ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें गेले. तेथें प्राचीन काळच्या दगडी वर्तुळांचें खोदकाम पाहावयाचें होतें. तारीख ४. तें काम आटोपल्यावर हिस्लॉप जवळच्या बोरी गांवची शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले. मुलांची परीक्षा घेऊन सायंकाळीं ते एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस, वाटेंतल्या ओढ्यास पूर आला होता. घोडा तळावर परत आला, पण पाठीवर स्वार नव्हता. लोक शोधावयास धांवले, तों त्यांचा देह पाण्यांत सांपडला.

आणखी चार दिवसांनीं त्यांस ४६ वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. पत्नी व लहान मुलें मागें राहिलीं. गोंडांसंबंधींचे कागद अपुरेच होते. ते टेंपल यांनीं १८६६ त जसे होते तसे, आपल्या टिपा जोडून, छापविले.