रीडिंग सेट न करणारा माणूस

जर्नल पूर्ण करायची आमच्या हॉस्टेलची एक ठरलेली पद्धत आहे. आधी सिनियरच्या जर्नलमधून रिझल्ट उतरवायचा आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज मागून बसवायची. याला आम्ही रीडिंग सेट करणं म्हणतो. सरांना हे माहीत असतं, आणि सरांना माहीत आहे हे आम्हालाही माहीत असतं! मागच्या सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोन वाजता हेच काम चालू असताना मला एक माणूस आठवला. त्याने आयुष्यातली मोठी रीडिंग्ज सेट केली नाहीत. जे आलं तेच लिहिलं आणि त्याची किंमत मोजली. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोनेही मोजली.

हा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटलं की सगळ्यांना लोकमान्यच आठवतात. पण हे दुसरे टिळकही आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. माझं गाव पाली, मुंबई-गोवा हायवेवरचं. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना एस.टी. आमच्या स्टँडवरून जाते. टिळकांचा जन्म जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दापोलीकडच्या करजगावात, 1861 साली झाला. माझ्या आईला त्यांची केवढे हे क्रौर्य ही कविता पाठ आहे. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीची ती गोष्ट सांगताना आजही तिचा आवाज बदलतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझी या टिळकांशी ओळख जरा उशिराच झाली. (शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच खात्यावर जमा कराव्यात, ही विनंती!)

टिळक चित्पावन ब्राह्मणाच्या घरातले. आई लहानपणीच गेली, वडील कडक स्वभावाचे. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळक एका जागी फार टिकत नसत. आज इथे नोकरी, उद्या तिथे. नागपूरला त्यांनी ऋषी नावाचं मासिकही चालवलं. पण डोक्यात एक प्रश्न घट्ट बसला होता. आपल्या देशाला जातिभेदातून बाहेर काढील असा धर्म कोणता? जगातले सगळे धर्मग्रंथ माणसांनीच लिहिलेत, अशा मतापर्यंत ते तेव्हा पोचले होते. म्हणजे ग्रंथात आहे म्हणून खरं, हा हिशेब त्यांनी आधीच बंद केला होता.

आणि अशा माणसाच्या हातात ग्रंथच पडला! 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याची गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरायच्या आधी त्याने बायबलचा नवा करार त्यांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांना ते भलतंच वाटलं. पण वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. शत्रूवरही प्रेम करा, दुसऱ्याचे दोष काढण्याआधी स्वतःकडे पाहा, हे तिथलं शिकवणं. इतकी वर्षं जे प्रश्न ते स्वतःला विचारत होते, त्यांची उत्तरं त्यांना तिथे दिसली.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हे पुस्तक पवित्र आहे असं मानून त्यांनी ते उघडलं नव्हतं. स्वतःच्या अनुभवाने जे ओळखलं होतं तेच पुस्तकात भेटलं, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला. म्हणजे रीडिंग आधी, फॉर्म्युला मागून. पुढे ते सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो. अभंगांनी मन आधी तयार केलं होतं. धर्म बदलला तरी तो पूल त्यांनी मोडला नाही. त्यांनी ख्रिस्ती भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. मराठी चर्चमध्ये त्यांची पदं आजही गातात.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही मुद्दाम भारतीय पाळकाच्या हातून. दोन वर्षांचं भाकीत खरं ठरलं होतं.

पण मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट फक्त टिळकांच्या बाजूची आहे. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता त्यांनी हे पाऊल उचललं. मुलगा दत्तू तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांच्या दारात आसरा, लोकांची बोलणी. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. आतला आवाज ऐकणं सोपं, त्याचं बिल बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर फाटतं. शेजाऱ्यावर प्रेम करा असं सांगणाऱ्या पुस्तकासाठी टिळकांनी सगळ्यात जवळच्या माणसाला रडवलं. हे मला अजून पटत नाही आणि मी पटवून घेणारही नाही. पटवून घेतलं तर तेही सेटिंगच की!

लक्ष्मीबाईंचं पुढे काय झालं? मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. त्यांचे वडील सोवळ्याच्या बाबतीत टोकाचे होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, इतकं. अशा घरात वाढलेल्या मुलीला परक्या जातीचं पाणी नुसतं नको वाटत नसे, त्याची खरोखर शिसारी येत असे. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. तिचा स्वयंपाक तिचा, तिचं पाणी तिचं. मग एक दिवस बाईंनी स्वतःशीच विचार सुरू केला. या जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करता करता उत्तर सापडलं, की माणसाने. आणि जे माणसाने केलं ते आपण का पाळायचं? त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. कुठलं वचन नाही, कुणाचा उपदेश नाही. त्यानंतर 1900 साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवरा ग्रंथाच्या वाटेने पोचला, बायको पाण्याच्या तांब्याच्या वाटेने.

पण म्हणून अनुभव नेहमीच बरोबर असतो का? नाही ना! ती शिसारीसुद्धा लक्ष्मीबाईंचा अनुभवच होता, अगदी खरा, पोटातून येणारा. तो घराने शिकवलेला होता इतकंच. आपल्या व्हर्नियरला झिरो एरर असते तसं हे. ज्या यंत्राने मोजतोय त्यातच एरर असेल तर रीडिंग कितीही प्रामाणिकपणे लिहा, चुकणारच. म्हणून कशाशी तरी पडताळून बघायला लागतं. टिळकांसाठी ते डोंगरावरचं प्रवचन होतं.

त्याच काळातल्या पंडिता रमाबाईंचंही असंच. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या चर्चची माणसं सांगतात म्हणून सगळं मान्य करायला त्या तयार नव्हत्या. स्वतःला पटेल तेच मानीन, हा त्यांचा हट्ट. आणि याच रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढल्या होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर गाइड बाजूला ठेवून त्या ओरिजिनल टेक्स्टबुककडे गेल्या. सदसद्विवेकबुद्धी वापरणारा माणूस ग्रंथ फेकून देतो असं नाही, तो उलट जास्त बारकाईने वाचतो.

टिळकांची खरी परीक्षा शेवटी झाली. अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते मोठे झाले होते. 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा, 1912 पासून ज्ञानोदयच्या मराठी विभागाचं संपादन, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. बालकवींसारखा मुलगा त्यांच्या घरी राहून गेलेला. एखाद्याने पेन्शनची वाट बघितली असती. पण परदेशी मिशनच्या पगारावर राहून भारतातल्या माणसांना ख्रिस्त सांगणं त्यांना बोचू लागलं. 1917 साली, आपल्याला प्रत्यक्ष दर्शन झालं या श्रद्धेने, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला राहायला गेले. तिथे देवाचा दरबार सुरू केला. त्याचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडं होतं आणि न घेतलेल्यांनाही.

हे दार उघडं ठेवणं म्हणजे किती मोठी गोष्ट होती! बाप्तिस्मा द्या, असं शुभवर्तमानातच सांगितलंय. त्यावर सगळी मंडळी उभी आहे. पण बाप्तिस्मा न घेताही ख्रिस्ताच्या मार्गाने चालणारी माणसं टिळकांनी डोळ्यांनी बघितली होती. त्यांना बाहेर ठेवलं असतं तर जर्नल नीट दिसलं असतं, रीडिंग मात्र खोटं झालं असतं. त्यांनी एका वचनासाठी माणसं नाकारली नाहीत आणि माणसांसाठी ग्रंथही टाकला नाही. त्याच ग्रंथातला येशू ज्यांच्या पंक्तीला कुणी बसत नसे त्यांच्याबरोबर जेवतो, हे ते विसरले नव्हते.

दरबार फार वर्षं टिकला नाही. 9 मे 1919 ला मुंबईत टिळक गेले. ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. ज्या धर्मामुळे एके काळी त्यांचा संसार मोडला होता, त्याच धर्माचं महाकाव्य!

आता हे सगळं मी का लिहिलं ते सांगते. आमच्या पालीच्या घरी पडवीतल्या फळीवर एक कप असायचा, कान तुटलेला. गवत कापायला येणाऱ्या मावशींचा. चहा पिऊन झाला की त्या तो स्वतः धुऊन पालथा घालायच्या. मी लहानपणापासून तो कप बघत आले. कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सला मला दरवर्षी पैकीच्या पैकी मार्क असायचे. सगळी माणसं समान, ही ओळ मी किती सुवाच्य अक्षरात लिहिली असेल! पण तो कप आणि ती ओळ माझ्या डोक्यात कधी शेजारी शेजारी आलेच नाहीत.

मागच्या दिवाळीत आईच्या कपाटातलं स्मृतिचित्रे वाचलं आणि ते दोन्ही एकदम शेजारी आले. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा चहा मी केला. त्यांना घरातल्या कपात दिला आणि तो कान तुटलेला कप मी घेतला. मावशी संकोचल्या, कप हातात घेईनात. आजी माजघराच्या दारात उभी होती, काहीच बोलली नाही. त्या दिवशी ती माझ्याशी जेवतानाही बोलली नाही. मी खूप मोठं काही केलं असं नाही. मावशींना मी उगाच अवघड जागी आणलं का, हेही मला नीट कळलेलं नाही. दिवाळी संपली, मी हॉस्टेलला परत आले. कप बहुतेक पुन्हा फळीवर गेला असेल.

पण यंत्रात झिरो एरर आहे हे एकदा कळलं की मग ती नाही असं धरून रीडिंग घेता येत नाही. मे महिन्यात घरी जाईन तेव्हा आजीशी बोलायचं ठरवलंय. तोपर्यंत या सेमिस्टरच्या जर्नलमध्ये निदान एक तरी एक्सपेरिमेंट खऱ्या रीडिंगचा लिहीन म्हणते. ग्राफ वाकडा आला तर सरांनी सांभाळून घ्यावं!