विश्लेषण : घटसर्पाचे विष रोखणारे एमिल फॉन बेरिंग कोण होते? ते विष पेशीत शिरते कसे, हे कळायला १०० वर्षे का लागली?

बाळ दीड महिन्याचे झाले की त्याला पेंटाव्हॅलंट लस देतात. ती ज्या पाच आजारांपासून वाचवते, त्यांत घटसर्प आणि धनुर्वात आहेत. या दोन्हींत जिवावर बेतते ते मुख्यतः जंतूंनी सोडलेल्या विषामुळे. हे विष रक्तातच निकामी करता येते, हे दाखवणाऱ्या एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले.

लष्करी डॉक्टर का झाले?

बेरिंग यांचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी तेव्हाच्या पश्चिम प्रशियातील हान्सडॉर्फ गावी झाला. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. वडील शाळामास्तर आणि घरात १३ मुले, त्यामुळे डॉक्टरकीचा खर्च परवडणारा नव्हता. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण मोफत होते, मात्र नंतर लष्करात नोकरी करावी लागे. बेरिंग यांनी तोच मार्ग धरला.

नोकरीत असताना त्यांनी जखमांवर वापरल्या जाणाऱ्या आयडोफॉर्मचा अभ्यास केला. हे औषध जंतूंना फारसे मारत नाही, पण त्यांचे विष निष्प्रभ करते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढच्या संशोधनाचे बीज इथे पडले.

१८९० मध्ये नेमके काय घडले?

घटसर्पाचे जंतू विष सोडतात, हे पॅरिसच्या एमिल रू आणि अलेक्झांद्र येर्सिन यांनी १८८८ मध्ये सिद्ध केले होते. १८८९ मध्ये बेरिंग बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत आले. तिथे त्यांना जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो भेटले. कितासातो यांनी त्याच वर्षी धनुर्वाताचे जंतू प्रथमच वेगळे करून वाढवले होते.

आजाराला दाद न देणाऱ्या प्राण्याच्या रक्तातील द्रव, म्हणजेच सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचले तर तोही वाचतो, असे दोघांना आढळले. डिसेंबर १८९० मध्ये त्यांचा संयुक्त शोधनिबंध आला आणि आठवड्याभरात घटसर्पावर बेरिंग यांचा स्वतंत्र निबंध. सीरममधील या घटकाला प्रतिविष म्हटले गेले. आपण आज ज्यांना अँटिबॉडी म्हणतो, त्याच या.

मग वाद कशावरून झाला?

गिनिपिगच्या सीरमवर लाखो मुले वाचणार नव्हती. त्यासाठी घोडे लागले आणि मात्रा मोजण्याची खात्रीची पद्धतही. ती पद्धत पॉल एर्लिश यांनी दिली. १८९४ मध्ये होक्स्ट कंपनीने उत्पादन सुरू केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये रू यांनी घोड्यांचे सीरम वापरले आणि रुग्णालयातील घटसर्पाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

यश मिळाले, तशी मने दुरावली. आर्थिक वाट्यावरून एर्लिश आणि बेरिंग यांच्यात कटुता आली. १९०१ चे नोबेल एकट्या बेरिंग यांना मिळाले आणि नावाआधी ‘फॉन’ ही सरदारकीची खूणही त्याच वर्षी लागली. एर्लिश यांना १९०८ मध्ये नोबेल मिळाले, कितासातो यांना कधीच नाही.

सीरम उशिरा दिले तर काम का करत नाही?

सीरम लवकर दिले तर रुग्ण वाचतो, उशिरा दिले तर अनेकदा नाही, हे त्या काळच्या डॉक्टरांनाही दिसत होते. कारण मात्र खूप नंतर उलगडले. घटसर्पाचे विष पेशीवरील एका प्रथिनाला चिकटून आत शिरते. हे प्रथिन, म्हणजेच विषाचा ग्राही, १९९२ मध्ये ओळखले गेले. तोवर बेरिंग यांना जाऊन ७५ वर्षे झाली होती.

हे प्रथिन मुळात शरीराच्या कामाचे आहे. त्यातून एचबी-ईजीएफ हा वाढीचा घटक तयार होतो, जो जखम भरून येण्यास मदत करतो. विष त्याचाच दरवाजा म्हणून वापर करते आणि आत जाऊन पेशीचे प्रथिननिर्मितीचे काम बंद पाडते. अँटिबॉडी रक्तातील विष पकडू शकते, पेशीत शिरलेले नाही. म्हणून घटसर्पात एकेक तास मोलाचा असतो. उंदरांच्या पेशींवरील हे प्रथिन थोडे वेगळे असल्याने त्यांच्यावर या विषाचा फारसा परिणाम होत नाही.

आज संशोधक हे प्रथिन कोणत्या पेशीवर किती आहे, हे पाहण्यासाठी त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी वापरतात. म्हणजे बेरिंग यांनी औषध म्हणून दाखवलेली गोष्ट आता शोधाचे साधनही झाली आहे.

आपला संबंध काय?

घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष बनवण्याची हीच पद्धत महाराष्ट्रातही रुजली. १९६६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावातच ती दिसते.

टोचलेल्या सीरमचे संरक्षण काही आठवडेच टिकते, हे बेरिंग यांना ठाऊक होते. म्हणून १९१३ मध्ये त्यांनी विष आणि प्रतिविष यांच्या मिश्रणाची लस मांडली. ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. आजार झाल्यावर घड्याळाशी शर्यत लावण्यापेक्षा आधीच लस घेतलेली बरी, हा त्यांच्या कामाचा धडा आजही लागू आहे. त्यामुळे बाळाचे लसीकरणाचे कार्ड एकदा तपासा आणि राहिलेला डोस वेळेत घ्या.