संत बेनेडिक्ट व त्यांचा मठ

रोम शहराच्या आग्नेयेस सुमारें ८० मैलांवर कासिनो नांवाचें गांव आहे. त्या गांवाच्या माथ्यावर सुमारें १७०० फूट उंचीची टेकडी असून तिच्या शिखरावर एक प्रचंड मठ उभा आहे. हाच मोंते कासिनोचा सुप्रसिद्ध मठ होय. सुमारें पंधराशें वर्षांच्या अवधींत हा मठ चार वेळां उद्ध्वस्त झाला आणि चारहि वेळां त्याच जागीं पुन्हां उभारला गेला. असें कां घडलें हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें मठाच्या भिंतींकडे पाहण्यापूर्वीं तो स्थापन करणाऱ्या पुरुषाच्या चरित्राकडे पाहिलें पाहिजे. तें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बेनेडिक्ट ह्यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास मध्य इटलींतील नूर्सिया ह्या गांवीं एका कुलीन घराण्यांत झाला. त्यांस स्कोलास्टिका नांवाची बहीण होती. ती त्यांची जुळी बहीण होती अशी परंपरा आहे. त्या काळीं इटलीची दशा फार शोचनीय होती. इ. स. ४७६ मध्यें पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला होता, आणि जुनी राज्यव्यवस्था मोडून नवी अद्यापि स्थिर झाली नव्हती. अशा स्थितींत बालवयींच बेनेडिक्ट ह्यांस विद्याभ्यासासाठीं रोमला पाठविण्यांत आलें. परंतु तेथील विद्यार्थ्यांचें स्वैर वर्तन पाहून त्यांचें मन विटलें. त्यांनीं शिक्षण व संपत्ति ह्या दोहोंचा त्याग केला आणि सुबियाको येथील डोंगरांत एका गुहेमध्यें ते एकांतांत राहूं लागले.

तेथें त्यांनीं तीन वर्षें घालविलीं. रोमानुस नांवाचा एक मठवासी आपल्या वांट्याच्या भाकरींतून थोडी भाकरी वांचवून ती दोरीनें कड्यावरून खालीं सोडीत असे. दोरीस बांधलेली लहानशी घंटा वाजली म्हणजे अन्न आल्याचें बेनेडिक्ट ह्यांस कळे. हळूहळू त्यांच्या तपाची कीर्ति पसरली. जवळच्या एका मठाचा अधिपति मरण पावला, तेव्हां तेथील मंडळींनीं त्यांस आपले गुरु होण्याचा आग्रह केला. आपली रीत तुम्हांस मानवणार नाहीं असें त्यांनीं आधींच बजाविलें होतें, आणि तसेंच झालें. त्यांची कडक शिस्त त्या मंडळींस असह्य झाली व त्यांनीं द्राक्षारसांत विष कालवून तो त्यांच्यापुढें ठेविला. बेनेडिक्ट ह्यांनीं प्याल्यावर क्रूसाची खूण करतांच तो फुटला, असें पोप ग्रेगरी ह्यांनीं इ. स. ५९३ च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. त्यांनीं कोणासहि शिक्षा केली नाहीं. त्या मंडळींस क्षमा करून ते आपल्या गुहेकडे परतले.

पुढें शिष्य येऊं लागले. सुबियाकोच्या परिसरांत त्यांनीं बारा मठ स्थापिले व प्रत्येकांत बारा बारा शिष्य ठेविले. परंतु एका शेजारच्या धर्मोपदेशकाच्या मत्सरामुळें शांति नाहींशी झाली, तेव्हां भांडत न बसतां त्यांनीं तें स्थान सोडलें. इ. स. ५२९ च्या सुमारास ते कासिनोच्या टेकडीवर आले. तेथें अपोलो देवाचें प्राचीन देऊळ होतें. त्या जागीं त्यांनीं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर केलें व मठ बांधण्यास आरंभ केला.

ह्याच टेकडीवर त्यांनीं लॅटिन भाषेंत ७३ अध्यायांची आपली नियमावली सिद्ध केली. तिच्यांत प्रार्थना, वाचन व शरीरश्रम ह्यांच्या वेळा नेमून दिल्या आहेत. परंतु तिचा खरा विशेष म्हणजे तिच्यांतील समतोलपणा होय. भोजनांत शिजविलेले दोन पदार्थ असावे, म्हणजे एक न खाववणाऱ्यास दुसरा खातां येईल. आजाऱ्यांची शुश्रूषा सर्व कामांच्या आधीं व्हावी. प्रत्येक अतिथीचें स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आला असें मानून करावें. मठांतील भांडीं व हत्यारें वेदीवरील पवित्र पात्रांइतकीं जपावीं. महत्त्वाच्या प्रसंगीं अधिपतीनें सर्वांस, अगदीं लहानांसहि, विचारावें. कारण पुष्कळदां देव उत्तम विचार लहानांच्याच मनांत घालतो. ज्या पुरुषाच्या कडकपणास कंटाळून पूर्वीं लोकांनीं त्यास विष दिलें, त्यानेंच असे सौम्य नियम लिहावे, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

मठाची रचनाहि ह्याच नियमांतून निघाली आहे. पाणी, गिरणी, बाग व कारखाने हीं शक्यतों आवाराच्या आंतच असावीं, म्हणजे मठवासीयांस बाहेर भटकावें लागणार नाहीं, असा नियम आहे. म्हणून मध्यभागीं प्रार्थनामंदिर आणि त्याच्या भोंवतीं ओवऱ्यांनीं वेढलेले चौक, भोजनगृह, ग्रंथालय व अतिथिगृह अशी मांडणी युरोपांतील असंख्य मठांत आढळते. मोंते कासिनोच्या एका चौकांत विहीर असून तेथून एक भव्य जिना मंदिराकडे चढत जातो. त्याच्या पायथ्याशीं बेनेडिक्ट व स्कोलास्टिका ह्या भावाबहिणींचे पुतळे आहेत.

ह्या बहिणीची एक कथा आहे. वर्षांतून एकदां हीं भावंडें टेकडीखालीं भेटत असत. शेवटच्या भेटींत स्कोलास्टिकेनें भावास रात्रभर थांबण्याची विनंति केली. मठाबाहेर राहणें नियमाविरुद्ध आहे म्हणून त्यांनीं ती नाकारली. तिनें मस्तक लववून प्रार्थना केली, तोंच असें भयंकर वादळ झालें कीं त्यांस पाऊल बाहेर टाकतां येईना. ती रात्र दोघांनीं ईश्वरचिंतनांत घालविली. तीन दिवसांनीं ती निवर्तली. तिचें प्रेम अधिक होतें म्हणून तिचीच प्रार्थना सफल झाली, असा ग्रेगरी ह्यांचा अभिप्राय आहे. आपल्यासाठीं केलेल्या कबरींत बेनेडिक्ट ह्यांनीं तिला ठेविलें आणि इ. स. ५४७ च्या सुमारास, प्रार्थनामंदिरांत शिष्यांच्या आधारानें उभे असतांना, त्यांनीं देह ठेविला. दोघांस एकाच कबरींत विश्रांति मिळाली.

त्यानंतर सहाव्या शतकाच्या अखेरीस लोंबार्ड लोकांनीं मठ लुटला, इ. स. ७१८ च्या सुमारास तो पुन्हां वसला. ८८३ मध्यें सारासेन लोकांनीं तो जाळला. पुढें अधिपति देसिदेरियुस ह्यांनीं कॉन्स्टँटिनोपलहून कांस्याचे दरवाजे आणवून बांधलेल्या मंदिराचें समर्पण १०७१ मध्यें झालें. १३४९ च्या भूकंपानें तेंहि पाडलें. शेवटीं दुसऱ्या महायुद्धांत, १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं बाँब टाकून सर्व मठ धुळीस मिळविला, व तेथें आश्रयास आलेले अनेक निरपराध लोक मरण पावले. त्या टेकडीच्या उतारांवर चौथ्या हिंदी डिव्हिजनचे सैनिक लढत होते; कासिनोच्या युद्धस्मशानभूमींत आमच्या देशबांधवांच्याहि कबरी आहेत. ग्रंथ व हस्तलिखितें मात्र आधींच रोमला हलविल्यामुळें वांचलीं, आणि भावाबहिणींची ती कबरहि बचावली. मठ पूर्वीच्याच ठिकाणीं, पूर्वीच्याच आकारांत पुन्हां बांधण्यांत आला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्याचें समर्पण केलें व संत बेनेडिक्ट ह्यांस युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

नुसत्या दगडांची इमारत पडली म्हणजे पडते. ही इमारत पुन्हां पुन्हां उठली, कारण तिचा आराखडा माणसांच्या नित्याच्या आचरणांत जपलेला होता. शाळेची घंटा, अभ्यासाची वेळ व कामाची पाळी ह्यांचा कंटाळा करणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं हें लक्षांत ठेवावें. आणि शिस्त लावणाऱ्या वडील मंडळींनीं वादळाच्या त्या रात्रीची आठवण ठेवावी, इतकेंच आमचें मागणें आहे.