पलटण मोडल्यानंतरचा हवालदार

कोलकात्याच्या कॉलेज स्क्वेअरमध्ये पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या बंगाली सैनिकांचे एक स्मारक आहे. पुस्तकांच्या शोधात त्या भागात येणाऱ्यांचे लक्ष तिकडे क्वचितच जाते. हे सैनिक ज्या ४९व्या बंगाली पलटणीचे होते, ती जेमतेम तीन-चार वर्षे जगली आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध शिपाई रणांगणावर गेलाच नाही. काझी नझरुल इस्लाम यांना आपण विद्रोही कवी म्हणून ओळखतो. त्यांची हवालदारी चरित्रांत थोडक्यात उरकली जाते. चार वर्षे सैन्यात काढून परतणाऱ्या तरुणाचे पुढे काय, हा प्रश्न २०२२च्या अग्निपथ योजनेने पुन्हा उभा केला असताना त्या हवालदारीकडे जरा निरखून पाहायला हवे.

नझरुल यांचा जन्म २४ मे १८९९ रोजी आसनसोलजवळच्या चुरुलिया गावी झाला. १९०८मध्ये वडील वारले आणि नऊ वर्षांच्या मुलावर कमावण्याची वेळ आली. मक्तबात शिकवणे, मशिदीत बांग देणे, 'लेटो' या लोकनाट्याच्या फडासाठी गाणी रचणे, आसनसोलच्या पावाच्या दुकानात राबणे, असे सारे त्याने केले. शाळा तुटत-जोडत तो राणीगंजच्या सियारसोल राज हायस्कूलमध्ये दहावीपर्यंत पोहोचला. १९१७मध्ये मॅट्रिकची परीक्षा न देताच तो सैन्यात भरती झाला. देशाभिमान, साहसाची ओढ की पोटाची सोय, यावर चरित्रकार वाद घालतात. गरीब घरचा मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहतो तेव्हा ही तिन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असतात, असे मला वाटते.

बंगाली पलटण हीच मुळात अपवादाने निघालेली गोष्ट. लढाऊ जातींच्या सिद्धांतानुसार इंग्रजांनी बंगाल्यांना सैन्यास नालायक ठरवले होते. युद्धाला माणसे कमी पडू लागली आणि बंगालच्या पुढाऱ्यांनी रेटा लावला, तेव्हा कुठे १९१६मध्ये दार किलकिले झाले. महाराष्ट्रातील वाचकांना हा अनुभव अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केलेली महारांची भरती सरकारने याच युद्धात पुन्हा सुरू केली, १९१७मध्ये १११वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच तीही मोडली. गरजेपुरते बोलवायचे आणि गरज सरताच घरी धाडायचे, हेच दोन्हीकडचे धोरण होते.

नौशेऱ्याला प्राथमिक प्रशिक्षण घेऊन नझरुल कराचीच्या छावणीत आले. पलटणीचा मोठा भाग मेसोपोटेमियाला गेला, तेथे रोगराईने अनेकांचा बळी घेतला. नझरुल कराचीतच राहिले. तेथे ते क्वार्टरमास्टर हवालदाराच्या पदापर्यंत चढले. शिधा, कपडे, सामान यांचा हिशेब हे त्यांचे काम. पण त्या छावणीत त्यांना आयुष्यात प्रथमच दोन वेळचे निश्चित जेवण, पगार आणि मोकळा वेळ मिळाला. पलटणीतल्या एका पंजाबी मौलवींकडून ते फारसी शिकले आणि हाफिज वाचू लागले. कोलकात्याची मासिके टपालाने येत होती, इकडून त्यांचे लेखन जात होते. १९१९मध्ये 'सओगात' मासिकात त्यांची पहिली कथा आणि दुसऱ्या एका नियतकालिकात पहिली कविता प्रसिद्ध झाली. नावाआधी 'हवालदार' हे पद छापले जाई.

हे शिक्षण कोणत्याही सैनिकी अभ्यासक्रमात नव्हते. पुढे आयुष्यभर तेच कामी आले.

१९२०मध्ये पलटण मोडली. सरकारचे या शिपायांशी असलेले नातेही जवळपास तेथेच संपले. एकविसाव्या वर्षी, मॅट्रिकही नसलेला हा हवालदार कोलकात्यात आला. आधी एका मित्राच्या मेसमध्ये उतरला, पण मुसलमान म्हणून तेथे अडचण झाली. मग ३२, कॉलेज स्ट्रीट येथे, बंगीय मुसलमान साहित्य समितीच्या कचेरीत, मुझफ्फर अहमद यांच्यासोबत बिऱ्हाड थाटले. दरम्यान त्यांनी सब-रजिस्ट्रारच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीचे पत्रही आले. दस्तनोंदणीची ती नोकरी त्या काळी मोठ्या मानाची व कायमच्या भाकरीची. मित्रांनी आग्रह केला म्हणून ते गेले नाहीत. आयुष्य कचेरीत घालवलेल्या मला हा प्रसंग वाचताना नेहमी थोडे चमत्कारिक वाटते: ते गेले असते तर खात्याला एक बरा अधिकारी लाभला असता, एवढेच.

त्याच वर्षी 'नवयुग' दैनिक निघाले. १९२१च्या डिसेंबरात तालतल्याच्या एका भाड्याच्या खोलीत 'विद्रोही' कविता लिहिली गेली. १९२२मध्ये 'धूमकेतू', मग अटक, एक वर्षाची सक्तमजुरी आणि हुगळीच्या तुरुंगातील प्रदीर्घ उपोषण. ज्या सरकारने कवायत शिकवली, त्याच सरकारचा हा कैदी.

आजच्या अग्निवीराला चार वर्षांनंतर सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो आणि पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान कायम होऊ शकतात. १९२०च्या तुलनेत हे कितीतरी अधिक आहे. मात्र नझरुल यांना तारले ते छावणीत मिळालेली भाषा, वाचायला मिळालेला वेळ आणि शहरात जागा देणाऱ्या मित्रांनी. योजनेत कौशल्य-प्रमाणपत्रांची आणि शिक्षणाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे. बराकीतील संध्याकाळचे काय, यावर कोणी फारसे बोलत नाही.

१९४२मध्ये आजाराने नझरुल यांची वाचा गेली. १९७२मध्ये त्यांना ढाक्याला नेण्यात आले आणि २९ ऑगस्ट १९७६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९२८मध्ये लिहिलेले त्यांचे एक कूचगीत बांगलादेशाने आपले रणसंगीत म्हणून स्वीकारले आहे. तेथील सैनिक आजही मोडलेल्या पलटणीतल्या या हवालदाराच्या गाण्यावर पावले टाकतात.