विलेम आइन्थोवेन

आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा हृदयाशी संबंध येतो तो कवितेत. तरीही या डच शास्त्रज्ञाच्या चरित्रात मी रमून गेलो. १८६० साली जावा बेटावर त्यांचा जन्म झाला. लष्करी डॉक्टर असलेले वडील लवकर वारले आणि आई मुलांना घेऊन हॉलंडला परतली. १८८६ मध्ये ते लायडनला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

हृदयाच्या ठोक्यागणिक उठणारी वीज लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्येच माणसावर नोंदवली होती. पुढे ते आपल्या जिमी या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून हा प्रयोग दाखवीत. (१९०९ मध्ये त्यावरून पार्लमेंटात कुत्र्याच्या छळाचा प्रश्न निघाला!) पण रुग्णांना याचा फारसा उपयोग होईल असे वॉलरना वाटेना. आइन्थोवेनना वाटले. माझ्या मते मोठेपण इथेच ठरले.

पाऱ्याचे जुने यंत्र मंद होते. म्हणून त्यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू प्रबळ विद्युतचुंबकात ताणून नवे यंत्र रचले. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे! ते रुग्णालयात नेणार कोण? १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयापर्यंत टेलिफोनची तारच जोडली. तिकडे रोगी मिठाच्या पाण्यात हातपाय बुडवून बसे. इकडे प्रयोगशाळेत त्याच्या हृदयाची रेषा उमटे आणि ठोक्यांतला बिघाड दिसे. त्या रेषेच्या चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे डॉक्टर आजही वापरतात, जनावरांचे डॉक्टरसुद्धा.

१९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९२७ मध्ये लायडनलाच ते वारले.