पंडिता रमाबाई : धर्मग्रंथ स्वतः वाचण्याच्या हक्कासाठी वेचलेले आयुष्य

मारतहळ्ळी (बेंगळुरू), ५ एप्रिल : संस्कृत ग्रंथांच्या व्यासंगामुळे ‘पंडिता’ ही पदवी मिळवणाऱ्या आणि आयुष्याच्या उत्तरार्धात संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणणाऱ्या रमाबाई यांचा आज स्मृतिदिन. ५ एप्रिल १९२२ रोजी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांचे निधन झाले. विधवांसाठी शाळा काढणाऱ्या, दुष्काळात अनाथ मुलींना आसरा देणाऱ्या समाजसेविका म्हणून त्यांचे नाव परिचित आहे. मात्र त्यांच्या सर्व कार्याला जोडणारा एक धागा तुलनेने दुर्लक्षित राहिला. धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचावा, समजून घ्यावा आणि न पटल्यास प्रश्न विचारावा, हा तो आग्रह. त्याची किंमत त्यांनी हिंदू समाजात मोजली, तशीच ख्रिस्ती चर्चमध्येही मोजली.

महाराष्ट्राशी कायमचे जोडले गेलेले हे नाव जन्माने कर्नाटकातले. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचे हे उगमस्थान आजच्या चिक्कमगळूरु जिल्ह्यात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे पाहिले होते. पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवण्यास सुरुवात केली. स्त्रीला ही विद्या देण्याबद्दल त्यांना उडुपी येथे विद्वानांसमोर आपली बाजू मांडावी लागली. विरोधाला कंटाळून त्यांनी रानात आश्रम थाटला. तेथेच आईने लहानग्या रमेला संस्कृतचे पाठ दिले. भागवत पुराणातील हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

आश्रमाचा खर्च झेपेनासा झाल्यावर डोंगरे कुटुंब पुराण सांगत तीर्थाटनास निघाले. १८७० च्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेले. उरलेल्या रमाबाई आणि बंधू श्रीनिवास यांनी पायी देश पालथा घातला आणि १८७८ मध्ये ते कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी विशीतल्या या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कोलकात्यातील दोन प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट देऊन अध्ययनाचा सल्ला दिला. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही, या समजुतीत वाढलेल्या रमाबाईंसाठी तो धक्का होता. धर्मशास्त्रे स्वतः वाचू लागल्यावर अनेक विषयांत परस्परविरोधी असलेले ग्रंथ स्त्रियांना आणि शूद्रांना कमी लेखण्याबाबत मात्र एकमताने बोलतात, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा प्रसंग ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचा. तेथे बहीण-भावाला संस्कृत बायबलची प्रत मिळाली. मात्र संस्कृतात पारंगत असूनही दोघांना त्यातून काही बोध झाला नाही. ओळखीच्या भाषेत लिहिलेला ग्रंथही परका राहू शकतो, हा अनुभव पुढे त्यांनी केलेल्या भाषांतराकडे पाहताना लक्षात ठेवावा असा आहे.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर कायस्थ, वधू ब्राह्मण. त्यामुळे हा विवाह त्या काळी खळबळजनक ठरला. सिल्चर येथील घरातील पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि त्या ती उत्सुकतेने वाचू लागल्या. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी, तान्ह्या मनोरमेसह, त्या विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि इतर सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड त्यांनी मांडली. ‘स्त्रीधर्मनीती’ या पुस्तकाच्या विक्रीतून मिळालेल्या पैशांवर त्या १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाल्या. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत मात्र सोडून द्यावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत. तेथील काम पाहून रमाबाईंनी त्यामागची प्रेरणा विचारली. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली. नीळकंठशास्त्री गोरे या ख्रिस्ती झालेल्या पंडितांशी झालेल्या पत्रव्यवहारातूनही त्यांच्या शंकांचे निरसन होत गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या बातमीने संताप उसळला. मात्र वाँटेजच्या भगिनींनाही आज्ञाधारक शिष्या मिळाली नव्हती. बायबल वाचून जे पटेल तेच स्वीकारायचे, ही रमाबाईंची भूमिका होती. त्र्यैक्याचा सिद्धान्त आणि श्रद्धा न ठेवणाऱ्यांना शाप देणारा अथानेशियसचा मतांगीकार त्यांना मान्य होईना. मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ आणि कधी कधी कडवट पत्रव्यवहार झाला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. आपल्या वतीने इतरांनी परस्पर निर्णय घ्यावा, हे रमाबाईंना अजिबात रुचले नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांच्या कामासाठी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली आणि संस्थेने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली. या मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलवण्यात आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच शाळेतील आरंभीच्या विद्यार्थिनी होत्या.

शारदा सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. मुलींना आपापल्या रीतीप्रमाणे वागण्याची मुभा होती. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि पालकांनी अनेक मुली परत नेल्या. हा वाद आजही सोपा नाही. धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, ही सुधारकांची बाजू. स्वतःच्या घरात दार बंद करून प्रार्थना करण्याचे आणि तिकडे आपणहून येणाऱ्या मुलीला अडवण्याचे बंधन मान्य नाही, ही रमाबाईंची बाजू. विचार करण्याच्या वयातील मुलीला धर्माबाबत स्वतः निवड करता येईल का, हा या वादातील खरा प्रश्न होता.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगाव येथील जमिनीवर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छपाई असे उद्योग येथे मुलीच चालवीत. अंध मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवीत. पुण्यातील प्लेगच्या काळात सरकारी रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ झाली, तिच्याविरुद्धही रमाबाईंनी जाहीरपणे लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून त्यांनी मौन पाळले नाही.

मुक्तीचे स्वरूप मात्र शारदा सदनापेक्षा वेगळे होते. ही उघडपणे ख्रिस्ती वसाहत होती. १९०५ मध्ये येथील तरुणींमध्ये प्रार्थनेची जी लाट आली, तिची नोंद जगभरातील पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात घेतली जाते. दुष्काळात आसऱ्याला आलेल्या, घरदार हरपलेल्या मुलींना धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य खरोखर किती होते, ही शंका टीकाकारांनी घेतली आणि ती गैरलागू म्हणता येत नाही. स्वतःसाठी निवडीचा हक्क प्राणपणाने जपणाऱ्या रमाबाईंच्या कार्यातील हा ताण चरित्रकारांनाही टाळता आलेला नाही.

त्यांच्या विचाराचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे मराठी बायबल. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्येच निघाला होता आणि त्यानंतरही भाषांतरे होत राहिली. मात्र त्यांतील संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीला उमगत नाही, असे रमाबाईंचे मत होते. त्या स्वतः संस्कृत पंडिता होत्या. अलंकृत भाषा त्यांना सहज साधली असती. त्यांनी वाट धरली ती बोलभाषेची. त्यासाठी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. मुक्तीतील तरुणींना या कामात सामील करून घेतले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे एकेकाळी अक्षरओळखही नसलेल्या मुलींच्या हातून झाली.

हे काम दीड दशकाहून अधिक काळ चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा यांचे निधन झाले. संस्थेची धुरा जिच्या खांद्यावर सोपवायची, ती लेक गेली. तरीही रमाबाईंनी भाषांतर तडीस नेले आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच त्यांनी जगाचा निरोप घेतला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. मराठी चर्चमध्ये पुढेही प्रामुख्याने बायबल सोसायटीचेच भाषांतर वापरात राहिले. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल स्वतः भाषांतरित करणाऱ्या जगातील मोजक्या स्त्रियांत रमाबाईंचे स्थान अढळ आहे.

भारतीय भाषांतील बायबलच्या प्रकाशनाचे काम पाहणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्यालय आज बेंगळुरूतच आहे. १९१० मध्ये सुरू झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजही याच शहरात. मारतहळ्ळीसारख्या उपनगरांत नोकरीनिमित्त आलेले नाना भाषांचे तरुण शेजारी राहतात. ग्रंथ कोणत्या भाषेत वाचायचा, अर्थ कोणी सांगायचा आणि न पटलेले मोकळेपणाने बोलायचे की नाही, हे प्रश्न धर्मग्रंथ उघडून बसणाऱ्या तरुणांच्या कोणत्याही गटासमोर, मग तो कोणत्याही धर्माचा असो, उभे राहतातच. गंगामूळच्या रानात आईकडून पाठ घेणाऱ्या मुलीला ते पडले आणि तिने कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी कार्यरत आहे.